छाप्यात सापडलेल्या बहिणीचा ‘ताबा’ कोणाकडे मागायचा?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. उत्तर देण्याआधी मला तो कसा समजला ते सांगते. काही चुकत असेल तर आधी तेवढं दुरुस्त करा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

तुमची धाकटी बहीण २२ वर्षांची. वडिलांच्या ऑपरेशनला पैसे हवे होते, तेव्हा ओळखीच्या एका बाईने तिला अंधेरीच्या एका स्पामध्ये रिसेप्शनवर लावलं आणि मालकाकडून ६० हजारांची उचल मिळवून दिली. आठ महिन्यांनी, तिथे वेश्याव्यवसाय चालतो म्हणून पोलिसांचा छापा पडला. बहिणीला बाकीच्या मुलींबरोबर कोर्टात नेलं आणि तिथून संरक्षणगृहात. तुम्ही भांडुपहून आधार आणि रेशन कार्ड घेऊन गेलात, तर ‘चौकशी बाकी आहे’ म्हणून परत पाठवलं. कोर्टाच्या आवारात एक वकील स्वतःहून भेटले आणि ४० हजारांत ‘ताबा मिळवून देतो’ म्हणाले. ती ओळखीची बाई रोज फोन करून उचलीचे पैसे मागते आहे. बहिणीने पोलिसांना ‘मी मर्जीने करत होते’ असं सांगितलं आणि भेटीत तुमच्याजवळ रडून वेगळंच सांगितलं. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: तिच्यावर गुन्हा लागेल का, आणि तिचा ताबा आम्हाला कधी मिळेल.

वीस-बावीस वर्षं मी मुंबईत फौजदारी वकिली करते आणि त्यातला मोठा काळ माझगावच्या कोर्टात, पिटाच्या (वेश्याव्यवसायातल्या शोषणाविरुद्धच्या कायद्याच्या) केसेसमध्ये गेला आहे. तिथल्या जिन्यावर तुमच्यासारखी शेकडो माणसं भेटली. आई, बहीण, क्वचित नवरा, हातात कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. प्रत्येकाच्या तोंडी तोच शब्द असतो: ताबा. तुमची खरी अडचण या शब्दात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

ताबा गाडीचा असतो, खोलीचा असतो, अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाचा असतो. २२ वर्षांच्या बाईचा ताबा कायद्याने कोणाकडेच नसतो. आईबापाकडे नसतो, तुमच्याकडे नसतो आणि सरकारकडेही नसतो. ती गुन्हेगार नाही आणि अज्ञानही नाही. तरी तुम्ही ‘माझ्या बहिणीचा ताबा मला द्या’ असा अर्ज टाकलात, की तिला कोणाकडे तरी सोपवायचं आहे हे तुम्हीच मान्य करता. मग साहजिकच कोर्ट विचारतं, सोपवण्यासारखं घर आहे का, पैसे कोण कमावतं, आठ महिने तुमचं लक्ष कुठे होतं? सगळी चौकशी तुमच्या घराभोवती फिरते आणि तिला काय हवं आहे हे विचारायचं राहून जातं. म्हणून अर्ज तिच्या नावाने, तिच्या सहीने करा: मी सज्ञान आहे, मला इथे राहायचं नाही, मला जाऊ द्यावं. तुमचं प्रतिज्ञापत्र सोबत जोडा, की ती आली तर माझ्या घरी तिला जागा आहे. दोन्ही कागदांत तेच घर, तीच माणसं असतील, पण मागणारी व्यक्ती बदलते आणि त्याने केसचा रोख बदलतो.

हे नुसतं माझं मत नाही. मालाडच्या एका गेस्ट हाऊसवरच्या कारवाईत सापडलेल्या तीन सज्ञान तरुणींना एक वर्ष महिलागृहात ठेवायचा आदेश झाला होता, तोही उत्तर प्रदेशातल्या. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी तो रद्द केला. वेश्याव्यवसाय करणं हाच या कायद्याखाली गुन्हा नाही, दुसऱ्याने एखादीचं शोषण करून त्यावर कमावणं हा गुन्हा आहे, आणि सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध असं डांबून ठेवता येत नाही, असं त्या निकालात स्पष्ट आहे. पुढे १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं, की संरक्षणगृहांची पाहणी करा आणि मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांना ठरावीक मुदतीत सोडा. पोलिसांनी अशा बाईशी सन्मानाने वागावं, तिचा छळ करू नये, तिचं नाव आणि फोटो माध्यमांनी उघड करू नये, हेही त्याच आदेशात आहे. या दोन्ही निकालांच्या प्रती अर्जाला जोडा. कोर्टाला ते माहीत असतात हे खरं, तरी कागद फाईलला लागला की त्याची दखल घ्यावी लागते.

आता गुन्ह्याबद्दल. ज्याला सगळे पिटा म्हणतात तो १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा आहे. त्यात शिक्षा आहे ती अड्डा चालवणाऱ्याला, बाईच्या कमाईवर जगणाऱ्याला, तिला या धंद्यात आणणाऱ्याला आणि कोंडून ठेवणाऱ्याला. बाईवर स्वतःवर लागू शकतात अशी कलमं मुख्यतः दोन. कलम ८ म्हणजे सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणं. कलम ७ म्हणजे शाळा, देवळं, इस्पितळं अशा ठिकाणांपासून २०० मीटरच्या आत किंवा अधिसूचित केलेल्या भागात हा व्यवसाय करणं. तेव्हा सगळ्यात आधी एफआयआरची प्रत मिळवा आणि तुमच्या बहिणीचं नाव कुठे आहे ते पाहा. आरोपींच्या यादीत नसेल, ‘पीडित महिला’ म्हणून असेल (बंद जागेवरच्या छाप्यात बहुतेक वेळा तसंच असतं), तर तिच्यावर गुन्हा नाही. उद्या नोकरीसाठी पोलिस व्हेरिफिकेशन झालं तरी ‘तुझ्यावर केस आहे का’ याचं खरं उत्तर ‘नाही’ हेच आहे.

मग गुन्हा नसताना तिला ठेवलं का? छाप्यातून आणलेल्या बाईला मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावंच लागतं, आणि मॅजिस्ट्रेट कलम १७ खाली चौकशी लावतात: मिळालेली माहिती खरी होती का, तिचं वय काय, घर कसं आहे, परत पाठवलं तर तीच माणसं तिला पुन्हा तिथेच नेतील का? ही चौकशी बहुधा प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे कोर्टासाठी घरची माहिती काढणारा सरकारी अधिकारी, करतो. तेवढ्या काळासाठी तिला सुरक्षित ठिकाणी ठेवता येतं, पण त्याची मुदत कायद्याने तीन आठवडे आहे. प्रत्यक्षात अहवाल येत नाही, तारीख पडते, साहेब रजेवर असतात आणि तीन आठवड्यांचे दोन महिने होतात. तसं होऊ द्यायचं नसेल तर आदेशाची प्रमाणित प्रत आजच काढा, तारीख मोजा आणि मुदत संपते त्या दिवशी वकिलामार्फत लेखी अर्ज द्या. तोंडी विनंती केली तर रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) तिचा उल्लेख येईलच असं नाही. चौकशी संपल्यावर कोर्टाला वाटलं की तिला देखभालीची गरज आहे, तर एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवायचा आदेश होऊ शकतो. तसा आदेश झालाच तर सत्र न्यायालयात अपील आहे, ते लगेच करा.

प्रोबेशन ऑफिसर घरी आल्यावर रागावू नका. मागे एका मुलीला न्यायला तिची मावशी आली होती. रडत होती, कागद सगळे बरोबर होते. मुलगी खाली मान घालून बसलेली. मी तिला बाजूला घेतलं तेव्हा कळलं, मुंबईला आणून सोडणारी हीच मावशी. कलम १७(अ) मध्ये पालक किंवा नवरा खरे आहेत का, सांभाळण्यासारखे आहेत का, याची चौकशी करायला सांगितलं आहे, ते अशा माणसांसाठी. तुमच्या घरी एकच खोली असेल तर एकच सांगा. तुमच्या यजमानांना तिचं येणं पसंत नसेल तर तेही लपवू नका, आणि तिच्यासाठी दुसरी सोय काय केली आहे ते सांगा. खोटं उघडं पडलं तर त्याची किंमत तिला मोजावी लागते.

आता त्या वकिलांबद्दल, आणि हे जरा सविस्तर लिहिते. छाप्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतःहून भेटलेला वकील बहुतेक वेळा कोणीतरी पाठवलेला असतो. काही वर्षांपूर्वी कोर्टाबाहेरच्या बाकावर एक मुलगी बसली होती, ओढणी नाकापर्यंत ओढलेली. शेजारी महिला कॉन्स्टेबल. मला विधी सेवेतून तिच्यासाठी नेमलं होतं, पण फाईलला आधीच एक वकीलपत्र लागलेलं. मी विचारलं, ही सही तुझी? म्हणाली, हो. काय लिहिलंय वाचलंस? नाही. फी कोणी दिली? ती सहज म्हणाली, शेठने. तोच शेठ त्या केसमधला आरोपी नंबर एक होता. त्याच्या पैशाने आलेला वकील तिला ‘लवकर सोडवणार’ होता, म्हणजे तिचा जबाब शेठच्या सोयीने होणार आणि साक्षीच्या दिवशी ती कुठे असेल ते शेठ ठरवणार. तिला सगळ्यात काळजी कशाची होती सांगू? मोबाईलच्या कव्हरमध्ये घडी करून ठेवलेल्या चार हजार तीनशे रुपयांची. पंचनाम्यात मोबाईल लिहिला होता, पैसे लिहिलेच नव्हते. मुद्देमाल परत मिळावा म्हणून आम्ही अर्ज केला. मोबाईल मिळाला, पैसे शेवटपर्यंत मिळाले नाहीत.

या दुखण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्येच बोट ठेवलं होतं. कामाठीपुऱ्यात काम करणाऱ्या ‘प्रेरणा’ संस्थेच्या याचिकेत न्यायालयाने सांगितलं, की जो वकील अड्डावाल्यासाठी किंवा दलालासाठी उभा आहे, त्याने त्याच केसमध्ये सुटका झालेल्या पीडितेसाठी उभं राहू नये. तेव्हा त्या सद्गृहस्थांना एकच प्रश्न विचारा: या गुन्ह्यातल्या आरोपींपैकी कोणाचं वकीलपत्र तुमच्याकडे आहे का? आणि कोरे किंवा न वाचलेले कागद सही करू नकोस, हे बहिणीला पहिल्याच भेटीत सांगा.

४० हजार देण्याची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो आणि मानवी व्यापाराच्या बळींचा तिथे वेगळा उल्लेख आहे. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर यांची जिल्हा विधी सेवा प्राधिकरणं वेगळी आहेत. कोर्ट माझगावला असेल तर शहराकडे जा. १५१०० या क्रमांकावर फोन केलात तर कुठे जायचं ते सांगतात. विधी सेवेचा वकील नेहमी उत्तमच मिळतो असं मी म्हणणार नाही. न पटल्यास लेखी अर्ज देऊन बदलून मागा.

इथपर्यंतचं थोडक्यात: एफआयआरची आणि कोर्टाच्या आदेशाची प्रत मिळवा, वकील विधी सेवेतून घ्या, अर्ज बहिणीच्या नावाने करा आणि तीन आठवड्यांची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

उचलीचं मात्र मी मुद्दाम वेगळं ठेवलं, कारण घरचे लोक इथेच घाबरून पैसे देतात. एक रुपयाही देऊ नका. पिटाच्या कलम ६ मध्ये लिहिलं आहे, की बाईला तिथे राहायला भाग पाडावं म्हणून कोणी तिचे दागिने, कपडे, पैसे अडकवून ठेवले, किंवा दिलेल्या वस्तू घेऊन गेलीस तर कोर्टात खेचू अशी धमकी दिली, तर त्याने तिला डांबून ठेवलं असंच कायदा गृहीत धरतो. तसं डांबणं सिद्ध झालं तर किमान सात वर्षांची शिक्षा आहे. त्याच कलमाचं चौथं पोटकलम सांगतं, की ज्याने डांबलं त्याला त्या बाईकडून कथित येणं वसूल करायला दावा किंवा फिर्याद करताच येत नाही. म्हणजे तिला तिथे अडकवूनच ठेवलं होतं हे पुढे आलं, तर ६० हजारांसाठी तुमच्या दारात कोणी कोर्टाचा कागद घेऊन येऊ शकत नाही. उलट त्या बाईचा प्रत्येक फोन पुरावा आहे. कॉल रेकॉर्ड करा, मेसेज पुसू नका, तारखा वहीत लिहा आणि हे सगळं तपास अधिकाऱ्याला लेखी अर्जाने देऊन पोच घ्या. धमकी वाढली तर ११२ ला फोन करा. साक्षीदार संरक्षण योजनाही आहे, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर लागू केली. तिच्याखाली अर्ज करताना धमकीचा पुरावा उपयोगी पडतो.

‘मी मर्जीने करत होते’ या जबाबाचं काय करायचं? इथे मी ठाम उत्तर देऊ शकत नाही, कारण तिच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही आणि मला वाटतं, तुम्हालाही पूर्ण माहीत नाही. छाप्याच्या रात्री, समोर वर्दी, पलीकडच्या खोलीत मालक, अशा वेळी मुलगी जे बोलते ते बऱ्याचदा सुटका व्हावी म्हणून बोललेलं असतं. कायद्याने तिची विचारपूस महिला पोलिस अधिकाऱ्यानेच करायची असते, नाहीतर मान्यताप्राप्त संस्थेच्या महिला प्रतिनिधीसमोर. तसं झालं होतं का, हे तिला विचारा. तिला रिसेप्शनचं काम सांगून आणलं, मग दुसरं करायला लावलं आणि उचलीवर अडकवलं, असं असेल तर तो मानवी व्यापार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ तिथे लागतं. एका व्यक्तीच्या बाबतीत सात ते दहा वर्षं शिक्षा आहे आणि फसवणुकीने, धाकाने किंवा आमिषाने आणलेल्या व्यक्तीची संमती होती की नव्हती, याला त्या कलमात महत्त्वच नाही. म्हणजे ‘मर्जीने’ हा शब्द आरोपींना वाचवत नाही. तिला बोलायचं असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १८३ खाली मॅजिस्ट्रेटसमोर नव्याने जबाब देता येतो. तशी तिची इच्छा असल्याचा अर्ज वकिलाकडून लगेच द्या. एफआयआरमध्ये फक्त पिटाची कलमं असतील तर न्याय संहितेची १४३ आणि १४४ (व्यापारात आणलेल्या व्यक्तीचं शोषण) ही कलमं वाढवा, ही मागणीही त्यातच करा. पीडितांना भरपाई मिळते (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६), तो अर्जही विधी सेवा प्राधिकरणाकडेच होतो.

पण समजा तिने खरंच ठरवून केलं असेल? वडिलांचं ऑपरेशन, तुमचं भाडं, तिचा स्वतःचा हिशोब. तरी वर लिहिलेलं तिच्या सुटकेबद्दलचं काहीही बदलत नाही. सज्ञान आहे म्हणून ती सुटणार, पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे. काही जण सल्ला देतात, की तिला कोर्टात ‘चूक झाली, पुन्हा करणार नाही’ असं लिहून द्यायला लावा. मी तसं कधी लिहून घेत नाही. जिच्यावर गुन्हाच नाही तिने माफीनामा कशाचा द्यायचा?

वयाचं एक सांगायचं राहिलं. छाप्यातल्या मुलींपैकी कोणी अठराच्या आतली असेल तर हे सगळं चित्र बदलतं. तिची केस बाल कल्याण समितीकडे जाते, पॉक्सो (बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) लागतो, आणि तिने मागितलं म्हणून सोडता येत नाही, सोडूही नये. तुमच्या बहिणीच्या वयाबद्दल कोणी शंका काढली तर आधार कार्ड पुरत नाही, त्यावरची जन्मतारीख कोर्ट पक्का पुरावा धरत नाही. शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच हाडांची तपासणी, असा क्रम असतो. म्हणून शाळेत जाऊन दाखला आजच काढा.

पुढच्या भेटीला जाताना दाखल्याची झेरॉक्स, तिचे दोन जोड कपडे, चश्मा असेल तर चश्मा आणि नेहमीच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या. भेटीला मिळतात पंधरा-वीस मिनिटं. ‘तू असं का केलंस’ हे तेव्हा विचारू नका. तिथे ते विचारणारे पुष्कळ असतात. बाबांची तब्येत कशी आहे ते सांगा, जेवण मिळतं का विचारा, आणि मग तुला कुठे राहायचंय, असं विचारा. माझ्याकडे म्हणाली तर अर्जात तुमचा पत्ता घाला. मैत्रिणीकडे किंवा नोकरी करणाऱ्या महिलांच्या वसतिगृहात म्हणाली तर तो घाला आणि तुमचं प्रतिज्ञापत्र तरीही जोडा. आदेशाची प्रत हातात आली की त्यावरची तारीख आणि कलम इथे लिहा, मुदतीचा हिशोब मी करून देते.